दोराएवढा भारा

पेंढ्याला वास असतो, हे गेल्या शनिवारी मी माझ्या सख्ख्या भावाला सांगत होते. बांधावर उभी राहून, भर उन्हात, ओरडून. ओरडून अशासाठी, की मागं गठ्ठे बांधायचं यंत्र घरघरत होतं. आणि खरं सांगायचं तर यंत्र बंद असतं तरी मी ओरडलेच असते.

तंजावूरहून निघालेली गावची बस कालव्याच्या पुलावर थांबते. उतरलं की डाव्या हाताला आमचं शेत. पंगुनी महिन्यात, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, मी तिकडं जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. शाळेत परीक्षांचे पेपर तपासण्याचे दिवस ते, आणि निवृत्त झाल्यावर आळसाचे. या खेपेला गेले ती आमच्या शेतावर जन्मभर राबलेल्या अंजलैच्या फोनमुळं. तिनं कुणाच्या तरी फोनवरून दोनच वाक्यं सांगितली होती. "अम्मा, मला माझा पेंढा घेऊ देत नाहीत. तुम्ही या."

पुलावरून पाहिलं तर कालव्याकडचा तुकडा सोडून सगळ्या शेतात पेंढ्याचे गोल गठ्ठे पडलेले, गुंडाळून ठेवलेल्या चटयांसारखे. प्रत्येकाला बारीक सुतळीचे घट्ट वेढे. वास होता तो डिझेलचा. मी पुलावरच थांबून दोनदा खोल श्वास घेतला आणि दोन्ही वेळा मला नुसता ठसका लागला.

आमच्या घरात, तंजावूरच्या मराठी घरांत असतात तशी, दोन पंचांगं चालायची. देवाला मराठी महिने आणि शेताला तमिळ. फाल्गुन पौर्णिमेला आमची आई, अम्मा, होळीची पोळी करायची आणि त्याच दिवशी वडील, अप्पा, म्हणायचे, मासी संपत आली, पेंढा अजून खाली आहे. आम्हा मुलांना त्यात काही विचित्र वाटायचं नाही. पोळी एका महिन्यातली आणि पेंढा दुसऱ्यातला, एवढंच.

तोवर कालवा बंद झालेला असायचा. कावेरीचं पाणी उतरत उतरत जाऊन कालव्यात मागं राहायची ती डबकी, आणि डबक्यांत उडणारे मासे, आणि ते धरायला उतरलेली पलीकडच्या वस्तीची पोरं. आम्ही काठावरून नुसतं बघायचं. शेतात कापणीआधीच ओल्या चिखलात फेकलेले उडीद आता धसकटांमधून वर आलेले असायचे. पिवळ्याखाली ते हिरवं फार गोड दिसायचं. त्यावर पाय पडला तर अप्पा लांबूनच ओरडायचे. मळणीच्या खळ्यावर बैल पेंढ्यावरून गोल गोल फिरून राहिलेसाहिले दाणे पाडायचे, आणि बैलांच्या खुरांखाली पेंढा मऊ होत जायचा, इतका की त्यावर झोपलं तर गादीची आठवण येऊ नये.

आणि वास. पहिल्या दिवशी पेजेचा. दुसऱ्या दिवशी उन्हात तापल्यावर भाजलेल्या पोह्यांचा. रात्रीचं दंव पडून सकाळी पालथा घातला की ओल्या मांजराचा. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र एक असा वास यायचा की त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. अप्पा मूठभर पेंढा नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आता जालं. उद्या गंजी." हवामानाचा अंदाज नाही, रेडिओ नाही. नाकावर विश्वास ठेवून एवढं मोठं काम निघायचं आणि ते कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

खळ्याच्या कडेला करंजाचं झाड होतं. पंगुनीत त्याची फिकट जांभळी फुलं सतत गळायची, लाह्यांसारखी. अप्पा त्याखाली बसायचे. दुपारी अम्मा डब्यातून दहीभात आणि कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं पाठवायची, त्या दहीभातावरही दोन-चार फुलं पडायची आणि सुंदर, माझा धाकटा भाऊ, ती फुलं वेचून वेचून माझ्या भातात टाकायचा. संध्याकाळी दोघांची अंगं खाजून लाल झालेली असायची. अम्मा आम्हाला बंबातल्या पाण्यानं घसघसा धुवायची, मानेच्या वळ्यांत खोबरेल चोळायची आणि म्हणायची, "पेंढ्यांत लोळलीस मणून रडतेस? लोळूं नको मण्टलं होतं की नाही?" दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा लोळायचो.

तोच सुंदर आता चेन्नैला असतो आणि शेत फोनवरून करतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. कापणीला कंबाइन, कापणी-मळणी एकदम करणारं यंत्र, ते येऊन गेल्याचं तो फोनवर बघतो. मला काही त्याचा राग नव्हता. कापायला माणसं मिळत नाहीत हे मीही ऐकून होते. पण गेल्या महिन्यात त्यानं फोन केला, तेव्हा मी तांदूळ धूत होते. म्हणाला, "अक्का, यंदा पेंढा रोलवाल्याला दिल्हा. सगळा तो उचलतो. शेत मोकळं होतं." मी म्हटलं, बरं. तांदळाचं पाणी ओतलं. अर्धं शेत माझ्या नावावर आहे आणि माझं त्यातलं योगदान म्हणजे हे एक 'बरं'. त्या एका शब्दाचा मला जितका राग येतो तितका सुंदरच्या सगळ्या शहाणपणाचाही येत नाही.

कारण 'सगळा' या शब्दात अंजलैचा पेंढा येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अंजलै माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तरी मी लहानपणापासून तिला नावानं हाक मारते आणि ती मला आधी 'पाप्पा', म्हणजे बाळ, म्हणायची, आता 'अम्मा' म्हणते. तशीच पद्धत होती, आणि पद्धत आहे म्हटलं की आमच्या घरात पुढं कुणी काही विचारायचं नाही. ती गंजीवर उभी राहायची. आमच्या भागात गंजीवर बाईनं चढू नये असं म्हणत, आणि अंजलै चढायची. कशी चढायला लागली, कुणी परवानगी दिली, ते मला ठाऊक नाही. मला कळू लागल्यापासून वर तीच होती.

गंजी रचणं म्हणजे पेंढा ढिगानं टाकणं नव्हे. खाली ताडाचे ओंडके, ओल आणि वाळवी लागू नये म्हणून. त्यावर थर. खालून चार माणसं पेंढ्याचे कवेत मावतील एवढे कवळे फेकत आणि वर एकटी अंजलै ते झेलून, पसरून, पायानं दाबत गोल फिरायची, बैलांसारखीच, पण बैलांना नसलेल्या हिशेबानं. मधला भाग जरा उंच, कडा जरा उतरत्या. पाऊस पडला तर पाणी बाहेर ओघळलं पाहिजे. खालून कुणी हयगयीनं कवळा फेकला की वरून तिची शिवी यायची, आणि गंमत म्हणजे पुरुष निमूट ऐकून घ्यायचे. जमिनीवर ज्यांच्यासमोर ती पदर सावरून बाजूला व्हायची, त्यांनाच वरून ती काय काय म्हणायची! अप्पा करंजाखाली वर्तमानपत्र तोंडापुढं धरून हसायचे. गंजी वाढत जाईल तशी ती आभाळाकडं सरकायची. शेवटी आम्हाला तिचं तोंड दिसायचं नाही, फक्त आवाज यायचा.

शेवटी माथ्यावर दोर. पेंढ्याचाच, पिळून केलेला. तो दोर ती वरच बसून वळायची, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. त्याला दोन्ही बाजूंनी दगड बांधून ते लोंबते सोडले की गंजी पुरी झाली. मग ती आणखी एक दोर वळायची. तो तिचा.

त्या दोरात जेवढा पेंढा मावेल तेवढा तिचा भारा. गंजी झाल्यापासून पाडव्यापर्यंत रोज एक. तिच्या गाई त्यावर जगायच्या. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुठं लिहिलं होतं, कुणास ठाऊक. पण ठरलेलं होतं, आणि दोर तिनं वळायचा हेही ठरलेलं होतं. अप्पा दरवर्षी कुरकुरायचे, "अंजलै, यंदा दोर वाढला." ती वरून म्हणायची, "आय्या, यंदा गाईपण वाढल्या." तेवढंच. दोर कुणी मोजला नाही.

पाडव्याचा भारा शेवटचा. त्या दिवशी अम्मा कडुनिंबाचा मोहोर आणि गूळ आम्हाला खायला द्यायची, मग हळदकुंकवाची वाटी घेऊन खळ्यावर यायची, अंजलैच्या भाऱ्यावर बोटं टेकवायची आणि आम्हाला सांगायची, "गाईच्या तोंडीं जाणारं दान. पुण्य लागतं." आम्ही हात जोडायचो. त्या दिवशी मला आमच्या घराचा फार अभिमान वाटायचा. किती चांगली माणसं आपण!

कंबाइन आलं आणि गंजी गेली. यंत्राच्या पोटातून बाहेर पडलेला पेंढा तुटका, आखूड. तो रचता येत नाही, त्याचा दोर वळत नाही. तो शेतातच ओळींनी पडून राहतो. पण अंजलै पंगुनीत यायची. आता बाजारातली नायलॉनची दोरी घेऊन, ओळींमधून पेंढा गोळा करून, पाडव्यापर्यंत रोज एक भारा. तिला कुणी अडवलं नाही, कारण अडवायला शेतात कुणी नव्हतंच. यंदा होता. गठ्ठ्यांच्या यंत्रावरचा माणूस. त्यानं तिची दोरी हातातून काढून घेऊन बांधावर टाकली होती.

मी पोचले तेव्हा ती त्या दोरीशेजारीच बसून होती. सकाळपासून. पंचाहत्तरीची बाई, उन्हात. मला पाहून उठली नाही. एरवी उठते. मी ड्रायव्हरला विचारलं, तर तो बिचारा म्हणाला, "मला काय सांगितलंय, सगळा पेंढा. तुमच्या भावाला विचारा, तेच येतायत." आणि खरंच सुंदरची गाडी पुलावरून खाली उतरली. पेंढ्याचा ट्रक भरून जाताना बघायला तो चेन्नैहून आला होता, हातात थंड पाण्याची बाटली.

"अक्का! तूं कोठें इकडं?"

"तुझं शेत बघूंस आले. वास येतो कां बघ."

"कसला वास?"

तिथून आमचं ओरडणं सुरू झालं. तो म्हणाला, दिलेला शब्द मोडता येत नाही. मी म्हटलं, त्याआधी दिलेला एक शब्द आहे, तो तू मोडलास. तो म्हणाला, कुणी दिला, कुणाला, मला तर आठवत नाही. मी म्हटलं, माझ्या भातात करंजाची फुलं टाकत होतास तेव्हा दिला होता, तुझ्यासमोर, दरवर्षी. तो हसला. त्याच्या त्या हसण्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणूस गाव विसरला तर मी समजू शकते. पण विसरण्याची मौज वाटावी?

मग तो समजुतीच्या सुरात आला. मला तो सूर ओरडण्यापेक्षा जास्त झोंबतो. "अक्का, तूं उगीच ताप करून घेतेस. म्हातारीला दोन रोल देऊन टाकूं. पाडवा आलाच आहे. अम्मा देत होती तसं दान मणून देऊं. तुज समाधान, तिज पेंढा. जालं?"

आणि मला सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं. क्षणभर का होईना, पटलं. मी अंजलैकडं वळून तमिळमध्ये म्हटलं, "ऐकलंस? दोन मोठे गठ्ठे तुझे. अम्मा द्यायची ना, तसंच दान."

अंजलैनं दोरी उचलली, झटकली. तिचा आवाज चढला नाही. गंजीवरून शिव्या देणारी ती, पण जमिनीवर ती कधीच ओरडली नाही.

"दान मला नको, अम्मा. दान देवळात वाढतात, तिथं मी जात असते. हे माझं आहे. तुमच्या आईनं हळद लावली, लावू दिली. मोठ्या मनाची बाई होती, तिला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही. पण गंजीवर मी उभी राहायची. पडले असते तर तुमच्या आईच्या हळदीनं माझं हाड जुळलं नसतं. माझ्या दोरात मावेल तेवढं माझं. त्याहून काडी जास्त नको. कमी पण नको."

सुंदरनं बाटली तोंडाला लावली. माझ्या डोळ्यांपुढं अम्माची हळदीची वाटी आली, आमचे जोडलेले हात आले. इतकी वर्षं आम्ही तिचीच वस्तू तिलाच देत होतो आणि वर पुण्य घेत होतो. नाकानं कांदे सोलणारी आमची सगळी जात, आणि त्यात मी पहिली! आयुष्यभर मी वर्गात मुलींना सांगत आले, दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं. आणि खळ्यावर उभी राहून हात जोडत आले. हा राग सुंदरवर काढण्यात अर्थ नव्हता, पण समोर तोच होता.

"कालव्याकडचं अर्धं माझ्या नावावर आहे," मी म्हटलं. "तिथल्या पेंढ्याला हात लावूं नको. पाडव्यापर्यंत एक काडी हलूं देणार नाही मी."

"अक्का, ट्रक उभा आहे."

"उभा राहूं दे."

"मी त्यांना काय सांगूं?"

"सांग, बहीण वेडी आहे. खोटं सांगावं लागणार नाही, तुज तसंच वाटतंय ना?"

त्यानं ड्रायव्हरला काहीतरी खूण केली. यंत्र थांबलं. एवढा वेळ त्या घरघरीत आम्ही बोलत होतो हे ती थांबल्यावर कळलं. सुंदर माझ्याकडं न बघता गाडीत बसला. त्यानं काचा वर केल्या. पाडव्याला तो घरी येईल की नाही, मला माहीत नाही. अम्मा-अप्पांच्या मागं आम्ही दोघंच उरलोय आणि मी त्याच्याशी अशी बोलले याचं रात्री मला वाईट वाटलं. तेव्हा मात्र वाटलं नाही.

अंजलै कालव्याकडच्या तुकड्यात गेली. मी मागोमाग. तिनं दोरी जमिनीवर आडवी टाकली आणि ओळींमधून पेंढा आणून त्यावर रचू लागली. आखूड काड्या हातातून निसटत होत्या. ती पुन्हा पुन्हा वाकत होती. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "राहू दे अम्मा, विस्कटेल." मी सरळ झाले. खाली, तुटक्या पेंढ्यातून उडदाची पानं वर आली होती. कंबाइन फिरून गेल्यावरही. आणि तिनं पेंढा हलवला तसा वास आला. पेजेचा नाही, पोह्यांचाही नाही. तो चौथ्या-पाचव्या दिवसाचा वास. मला रडू येईल असं वाटलं. मी दुसरीकडं तोंड केलं.

तिनं दोरी आवळली, गुडघा लावून गाठ मारली. भारा तयार. पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि भाऱ्याशेजारी उकिडवी बसली.

एवढा मोठा भारा एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. समोर कुणीतरी उभं राहून तो उचलू लागावं लागतं. अंजलै बसल्या जागेवरून इकडंतिकडं पाहू लागली. बांधाकडं पाहिलं, पुलाकडं पाहिलं. मी तिच्यापासून चार पावलांवर उभी होते, दोन्ही हात मोकळे.

"अम्मा, जरा बघा ना," ती म्हणाली, "कुणी माणूस दिसतंय का?"

मला आधी कळेचना ती काय विचारतेय. मग कळलं. आमच्या घरातल्या कुणी कधी तिचा भारा उचलला नव्हता. अम्मानं हळद लावली होती, ती बोटांच्या टोकांनी. उचलायला नेहमी तिच्या वस्तीतल्या कुणाला तरी हाक मारली जायची, आणि तोवर आम्ही दोन पावलं मागं सरकून उभे राहायचो. तशीच पद्धत होती. मी पुढं होणार, तोच तिनं यंत्राकडं वळून हाक मारली. ड्रायव्हरनं फोन खिशात टाकला, आला, दोन्ही हातांनी भारा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि परत गेला. सकाळी त्यानंच तिची दोरी काढून घेतली होती.

ती उठली. गुडघे थरथरले, मग स्थिर झाले. बांधावरून ती चालू लागली, एक हात भाऱ्याला, एक मोकळा.

"अंजलै!" मी मागून ओरडले. "उद्या मी येते. उद्या मी उचलीन!"

तिनं ऐकलं की नाही, मला कळलं नाही. डोक्यावर भारा असला की मान वळवता येत नाही.